पंप कपाटात नको, पोराच्या दप्तरात असू दे

दापोली तालुक्यातल्या आणि एकूणच आपल्या कोकणपट्टीतल्या शाळांचे मुख्याध्यापक, बाई, गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समितीची सगळी मंडळी,

नमस्कार.

मी तिसरीतल्या एका मुलाची आई. घरी शिवणकाम करते. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या, पण मागणी आधीच सांगून टाकते. ज्या मुलाला डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिलाय त्याचा पंप शाळेनं काढून घेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवू नये. तो त्याच्या दप्तरात, त्याच्या हाताशी राहू द्यावा आणि तो कसा द्यायचा हे वर्गावरच्या बाईंना माहीत असावं. एवढंच. खाली जे लिहितेय ते हे का मागतेय ते कळावं म्हणून.

या जुलैतली गोष्ट. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणाला दोष द्यायचा नाहीये आणि हे एका शाळेत नाही, बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, एका प्लास्टिकच्या डब्यात घालून लेकाच्या दप्तरात दिला होता. दोन दिवसांनी निरोप आला की औषध मुलांच्या हातात नको, दुसरी पोरं खेळतील, आपण ऑफिसच्या कपाटात नीट ठेवू. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण मी हो म्हटलं. रोज त्याच शाळेत पोराला पाठवायचं असतं ना, सुरुवातीलाच कुठे वाद घालायचा.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस नुसता ओतत होता. मधल्या सुट्टीत अंगणात जाता येईना म्हणून पोरं व्हरांड्यातच शिवाशिवी खेळायला लागली आणि माझ्या लेकाला दम लागला. कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते त्या बाई केंद्रावर मीटिंगला गेलेल्या. बाकीच्या बाईंनी त्याला पाणी दिलं, पाठ चोळली, जे सुचलं ते केलं, आणि सातवीतल्या एका मुलाला आमच्याकडे पिटाळलं. तो मुलगा छत्रीसुद्धा न घेता धावत आला, नखशिखांत भिजलेला, "काकी, चला, तो बोलत नाय" एवढंच म्हणाला. मी मशीनवर होते, कापड तसंच सुईखाली टाकलं, आमचा तसलाच दुसरा पंप आणि स्पेसर फ्रीजवर असतो तो उचलला आणि अनवाणी पळत सुटले. पोचले तर हा पायरीवर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलेला, खांदे वरखाली होतायत आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय. मला बघून "आई" म्हणाला आणि पुढचा शब्द येईना. मी पंप हलवला, स्पेसरला लावला, एक दाब, पाचसहा श्वास, थोडं थांबून दुसरा, डॉक्टरांनी लिहून दिलंय अगदी तसंच. हळूहळू खांदे खाली आले. ओठांवर रंग आला. मग म्हणाला, "माझी चपाती राहिलीय खायची."

कपाट तिथून पंधरा पावलांवर होतं. पंप आत, वर कुलूप. घरी येऊन मी ओल्या साडीतच ओटीवर बसून राहिले, माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं, पंधरा पावलं. घरात दुसरा पंप नसता तर? मी त्या दिवशी कापड आणायला दापोलीत गेलेली असते तर?

आता हा पंप म्हणजे काय ते सांगते, कारण गैरसमज फार आहेत आणि मलाही होते. निळ्या रंगाचा पंप असतो त्यात साल्ब्युटामॉल असतं, ते आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि काही मिनिटांत गुण येतो. दुसरा पंप रोजचा, सकाळ संध्याकाळ घ्यायचा, त्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं, ते आतली सूज कमी ठेवतं. तो आम्ही घरीच देतो आणि नंतर चूळ भरायला लावतो, नाहीतर तोंडात पांढरं होतं. शाळेत लागतो तो फक्त निळा. आणि लोक म्हणतात पंप फार जहाल, त्यापेक्षा सिरप बरं. मलाही तसंच वाटायचं. मग चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञांनी मला हिशोबच मांडून दाखवला, की त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीमध्ये, २ मिलीग्रॅम असतं आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा. सिरप पोटात जाऊन रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, म्हणून पोराचे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि पंपाचं औषध जिथे पाहिजे तिथेच जातं. पंपाची सवय लागत नाही हो. सवय दम लागण्याची असते, पंपाची नाही. चष्मा लागलेल्या पोराला आपण चष्म्याची सवय लागेल असं म्हणतो का?

हे मला कळायला २०२० साल उजाडावं लागलं. लेक तेव्हा तीन वर्षांचा. त्याआधी त्याला सारखी सर्दी, सर्दी उतरली की छातीत घरघर, मग ताप, मग नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं लाईटवरचं मशीन, असं चक्र महिन्यातून एकदा तरी व्हायचं. आम्ही हप्त्यानं मशीन घेतलं होतं आणि मला वाटायचं मशीन आहे ना घरात, आता काळजी नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या घराची अर्धी कौलं उडाली, मागची माडाची तीन झाडं आडवी, विजेचे खांब रस्त्यावर पडलेले. लाईट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही, फोनला रेंज नाही. भिजलेलं घर, भिजलेल्या गाद्या, आणि चौथ्या रात्री याची छाती वाजायला लागली. मशीन कोपऱ्यात ठेवलेलं, लाईटशिवाय ते काय करणार. याच्या बाबांनी पडलेली झाडं ओलांडत, कुणाची तरी बाईक मागून, वाटेत दोनदा उतरून आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनी काय केलं तर पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घेतली, बुडाला भोक पाडलं, त्यात पंपाचं तोंड घट्ट बसवलं, बाटलीचं तोंड याच्या तोंडाला लावलं, नाक चिमटीत धरलं आणि दाब दिला. मी बघतच राहिले. एवढ्याशा बाटलीनं काम केलं. हवेत उडालेलं औषध आधी बाटलीत साठतं, पोराला दाब आणि श्वास एकाच वेळी जुळवता येत नाही तरी चालतं, सावकाश ओढून घेता येतं. दुकानात मिळणारा स्पेसर म्हणजे तेच, नीट बनवलेलं. तेव्हापासून आमच्याकडे पंप आणि स्पेसर. लाईट लागत नाही, सेल लागत नाही, दप्तरात मावतो.

आणि म्हणूनच मला कोकणातल्या शाळांना वेगळं सांगावंसं वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळ असते ते आपल्याला माहितेय. नदीला पाणी आलं की साकवावरून पलीकडे जाता येत नाही, दरड आली की घाट बंद. १०८ला फोन केला तर गाडी येते, पण वाडीपर्यंत यायला वेळ लागतो. तो मधला वेळ पोराच्या हातातल्या पंपानंच काढायचा असतो.

घरच्या गोष्टी पण लिहिते, कारण सगळं शाळेवर ढकलणं बरोबर नाही. आमच्याकडे सासूबाई पहाटे तव्यावर मशेरी भाजायच्या. ज्यांच्या घरी असते त्यांना तो धूर माहीत असेल, घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं. हा शेजारच्याच खोलीत झोपलेला असायचा. डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी सिगारेट ओढतं का, आम्ही नाही म्हटलं, आणि खरंच वाटत होतं नाही. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात काय काय होतं ते एकेक करून विचारलं आणि मशेरी निघाली. तंबाखूचाच धूर की तो. मला सासूबाईंना सांगायची हिंमत होईना. शेवटी यांनीच विषय काढला तर सासूबाई गप्प बसल्या, रागावल्या असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर तवा घेऊन लांब गोठ्यापलीकडे बसलेल्या, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. नंतर चार महिन्यांनी त्यांनी मशेरी सोडलीच. चाळीस वर्षांची सवय. मला म्हणाल्या, "अगो, आधी का नाय सांगितलास?" आजही ते आठवलं की मला भरून येतं.

बाकी आपल्या कोकणातली हवाच अशी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याच्या भिंती पाणी पितात, श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, चपलांवर बुरशी येते, ट्रंकेतली गोधडी बाहेर काढली की कुबट वास. गाद्यागोधड्यांतल्या धुळीतले बारीक किडे, डोळ्यांना दिसत नाहीत असे, दमट हवेतच वाढतात, आणि बुरशी आहेच. मार्च-एप्रिलमध्ये शेतात पालापाचोळा जाळतात त्या भाजावळीचा धूर, मग होळी, मग गणपतीला महिनोन् महिने बंद असलेली घरं उघडून झाडायची ती धूळ. मी याच्या उशा आणि गोधडी ऊन पडलं की उन्हात टाकते, चादर गरम पाण्यात धुते, केर काढायच्या आधी पाणी शिंपडते. वाफेचं पातेलं मात्र बंद केलं, डॉक्टरांनीच सांगितलं की त्या उकळत्या पाण्यानं भाजलेली मुलं त्यांच्याकडे येतात. नाकात फक्त मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते.

नाकावरून सायनसचं पण सांगते. "एवढ्याशा पोराला कसला सायनस" हे मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. गालामागच्या आणि नाकाच्या मुळाजवळच्या पोकळ्या जन्मतःच असतात, कपाळातल्या तेवढ्या नंतर, साधारण सातआठ वर्षांपुढे तयार होतात. लहान मुलांना वर्षाला सहाआठ वेळा सर्दी होणं तसं नॉर्मलच आहे, शेंबूड हिरवा पिवळा झाला म्हणजे लगेच अँटिबायोटिक पाहिजे असंही नाही. पण दहा दिवस झाले तरी सर्दी तसूभर हलत नाही किंवा बरी होत आली आणि पुन्हा ताप चढला तर दाखवायला हवं. आमच्या लेकाच्या नाकामागच्या अॅडेनॉइडच्या गाठी पण वाढलेल्या, त्यामुळे तोंड उघडं टाकून झोपणार, घोरणार, सकाळी उठला की डोकं जड. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती ती म्हणजे कान. लहान मुलांची नाकातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी मुरली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. दुखत नाही, म्हणून पोर सांगत नाही. पहिलीत असताना याच्या प्रगतीपुस्तकात शेरा होता, "वर्गात लक्ष नसते." मी त्यावरून त्याला मारलं होतं. नंतर चिपळूणला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, त्याला मागच्या बाकावर बाईंचा आवाजच अर्धा पोचत होता. मारलेलं परत घेता येत नाही. म्हणून बाई, सर, सारखं शेंबूड असलेलं पोर हाक मारल्यावर बघत नसेल तर ओरडायच्या आधी त्याला पुढच्या बाकावर घ्या आणि घरी सांगा की कान तपासून आणा. आणि तो पुढचा बाक ओल आलेल्या भिंतीला चिकटून नको.

उपस्थितीचं बक्षीस हा दुसरा विषय. खरं म्हणजे यावर वेगळं पत्र लिहायला हवं. गेल्या वर्षी याच्या एकतीस सुट्ट्या झाल्या, सगळ्या आजारपणाच्या. शंभर टक्के उपस्थितीला सगळ्यांसमोर कंपासपेटी मिळते. याला ती इतकी हवी होती की त्यानं या वर्षी खोकला लपवायला सुरुवात केली. खोकला आला की तोंड दप्तरात खुपसून खोकतो, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला हे कसं कळलं तर दप्तराच्या आतल्या कापडावर डाग दिसले. आठ वर्षांचं पोर रात्रभर छाती वाजत असताना सकाळी मला सांगतं, "मी बरा आहे, डबा दे." बक्षीस बंद करा म्हणत नाही मी, पण आजारी मुलानं घरी राहणं हा गुन्हा वाटेल असं ते नको. ताप असलेलं पोर वर्गात आलं तर बाकीच्यांनाही सर्दी मिळतेच. दमा मात्र लागट नाही, त्याच्या शेजारी बसल्यानं कुणाला होत नाही, हे वर्गात एकदा मुलांना सांगाल का? त्याला "शेंबडा" म्हणतात ते मी सोडून देते, पोरंच ती. पण बाजूला बसायला नको म्हणतात तेव्हा त्याचा चेहरा मला बघवत नाही.

समितीतल्या पालकांशी पण बोलायचंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच समितीत पाऊण सदस्य पालक असतात, म्हणजे हा निर्णय आपल्याच हातात आहे, वरून जीआर यायची वाट बघायला नको. आपल्यातच कितीतरी जण असे आहेत की पोराला दमा आहे हे शाळेत सांगत नाहीत. दमा म्हटलं की आपल्याला पडवीत खाटेवर बसून खोकणारं म्हातारं माणूस आठवतं, आणि मुलगी असेल तर पुढे लग्नाचं काय हे आधी आठवतं. मग "थोडी सर्दीची तक्रार आहे" एवढंच सांगायचं आणि पंप घरीच ठेवायचा. कृपा करून असं करू नका. नीट औषध चालू असलेली मुलं धावतात, पोहतात, कबड्डी खेळतात. आमचा उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकला. काही मुलांचा त्रास मोठेपणी कमीही होतो, पण तोवर तर सांभाळायला हवं ना.

सरकारी सोय नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच कोकणातल्या पालघरला, आणि त्याची टीम वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्यांच्या यादीत कानाचा आजार आहे आणि दम लागण्याचा पण आहे. पण टीम येते, वजन उंची दात डोळे बघते, मुलांची रांग मोठी असते, आणि त्या दिवशी पोराची छाती वाजत नसेल तर कळणार कसं? तेव्हा बाईंनीच पुढे होऊन सांगायला हवं की या मुलाला धावल्यावर खोकला येतो, हा रात्री झोपत नाही असं आई म्हणते, याच्या इतक्या सुट्ट्या झाल्यात. हजेरीपट तुमच्याकडेच असतो. एवढी माहिती डॉक्टरकडेही नसते.

जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी आणि सगळा गाव आंब्याच्या कामात, त्यामुळे आपल्याकडे त्याचा काही उपयोग होत नाही. जूनच्या पहिल्या पालकसभेत दहा मिनिटं द्या, उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलवा, त्या दाखवतील. दुसरी पोरं पंपाशी खेळतील ही तुमची भीती मला समजते, पण चुकून कुणी एखादा दाब घेतला तर फार तर थोडा वेळ छाती धडधडेल किंवा हात थरथरतील. आणि ज्याला गरज आहे त्याला वेळेवर मिळाला नाही तर काय होतं ते मी त्या पायरीवर बघितलंय.

सोमवारी मी शाळेत येतेय. डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहून सही शिक्का दिलाय, त्याच्या चार प्रती आणते, एक ऑफिसला, एक वर्गात लावायला, एक बाईंना, एक समितीला. कधी किती दाब द्यायचे ते त्यावर आहे, आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील किंवा ओठ निळसर दिसले तर पंप देत देत लगेच १०८ला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरात आहे. पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असेल, निळा, लाल झाकणाच्या डब्यात, डब्यावर त्याचं नाव. स्पेसर दर शनिवारी मी साबणाच्या पाण्यानं धुते, तो फडक्यानं पुसायचा नाही, हवेवरच वाळू द्यायचा, आणि पावसात वाळायला रविवार संध्याकाळ होते. कपाटात ठेवलेला पंप तुम्ही काढू नका, तो तिथेच राहू दे जास्तीचा म्हणून, फक्त कुलूप नको. आणि बाई, मीटिंग नसेल तेव्हा पाच मिनिटं द्या, मी तुमच्या हातानंच एकदा करून घेते.

आपली,
तिसरीतल्या एका मुलाची आई
दापोली तालुका, जि. रत्नागिरी